डावीकडचा वळसा

टेबल क्रमांक सात. डंडीत सकाळचे सव्वानऊ,
बाहेर टे नदीवर धुकं, आत फॉर्मॅलिनचा वास,
जो माझ्या शनिवारच्या आमटीलाही येतो.
वाचा-उपचार शिकायला आलेली सहा मुलं
आणि मी, डेमॉन्स्ट्रेटर हळबे,
जिच्या आडनावातला ळ त्यांच्यातल्या कुणालाच जमत नाही.

कर्स्टी विचारते, आवाजाचा तंतू नेमका कुठे?
गळ्यात शोधू नकोस, मी म्हणते. खाली ये.
मेंदूतून निघतो दहावा, कवटीच्या भोकातून उतरतो,
स्वरयंत्राच्या शेजारून जातो,
दार दिसतं, कडी दिसते, तरी थांबत नाही.
तसाच छातीत.
तिथे डावा फाटा फुटतो, महाधमनीच्या कमानीखालून वळतो
आणि श्वासनलिकेच्या कडेकडेने
पुन्हा वर, मघाशी ओलांडलेल्या त्याच दारापाशी.
आमच्याकडे याला द्राविडी प्राणायाम म्हणतात.
इंग्रजीत समजावायला गेले
तर तोही एक द्राविडी प्राणायामच होईल,
म्हणून गप्प बसते, चिमटा पुढे करते.

कारण साधं आहे.
गर्भात हृदय हनुवटीखाली होतं.
मान लांबली, हृदय खाली सरकलं,
तंतू त्याच्या कमानीत अडकलेला.
सुटला नाही. नुसता लांबत गेला.
परीक्षेत एवढं विचारत नाहीत.

दुपारी कान. हातोडी, ऐरण, रिकीब.
रिकीब चिमटीत धरली की मुलं श्वास रोखतात,
शिंक आली तर तांदळाच्या कणीसारखी हरवायची.
मग कपाटातली जुनी काचपट्टी, कुणाची कोण जाणे,
चिठ्ठीवर एवढंच: विणकरीण, तागाची गिरणी.
शंखाच्या अडीच वेढ्यांपैकी पहिल्यातच
केसपेशी उडालेल्या,
गालिचा दारापाशी आधी झिजतो तशा.
बारीक आवाज तिथेच उतरतात.
चिमण्या, चहाचा चमचा, स आणि फ.

हात धुताना कर्स्टी म्हणते, परत सांगा तुमचं नाव.
जीभ वर उचल, मागे वळव, टाळूला टेकव, सोड.
हल्बे. हर्बे. हड्बे.
बारावा तंतू, मी म्हणते, त्याला रागावू नकोस.
मग ती मला लॉखमधला ख शिकवते:
माझा फुंकरीचा, तिचा घासलेला.
दोघींच्या आरशावर वाफ.

मे महिन्यात चॅपलमध्ये देहदात्यांची नावं वाचतात.
फक्त नावं. टेबलाचा क्रमांक कुणी विचारत नाही,
विचारला तरी सांगायचा नसतो.
नंतर चहाला निळ्या कोटातली एक बाई, मोरा रॅट्रे,
आपणहून सांगू लागली: आई, इशबेल, तागाच्या गिरणीत होती.
मागांच्या खडखडाटात ओरडून उपयोग नसायचा,
बायका नुसत्या ओठांनी बोलायच्या.
घरीही तीच सवय. रागावली की आवाज बंद
आणि ओठ हे एवढाले.
रस्त्यापलीकडच्या जीनशी तासन्‌तास गप्पा,
मध्ये बस गेली तर तेवढाच खंड.

मग तिने करूनच दाखवलं.
हॉलच्या पार त्या टोकाला तिचा नातू
केकच्या ताटापाशी, तिसऱ्या तुकड्यावर हात.
कप बशीत, गळा स्वस्थ,
फक्त ओठ: पुरे आता.
त्याने हात मागे घेतला.

दहावा तंतू रिकामा, आठवा रिकामा,
छातीपर्यंत जाऊन येणारी ती सगळी वाट रिकामी.
सातव्याने, चेहऱ्याच्या,
इथल्या इथे काम उरकलं होतं.
मी वर्षभर काय शिकवत होते, असं वाटून गेलं,
आणि टेबल क्रमांक सातचे ओठ
आपण एकदाही नीट पाहिले नाहीत, हेही.

कर्स्टीनेही ते पाहिलं असावं.
कोटांच्या खुंट्यांपाशी उभी राहून तिने
काही न उच्चारता माझं आडनाव म्हटलं.
ह उघडा, ब मिटलेला, दोन्ही स्पष्ट दिसले.
ळ ओठांवर दिसत नाही.
तो आत होतो.
झाला असेल.